गावठाणाबाहेरच्या पहिल्या लाकडी घरांची नोंद व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की गावठाणातील धोकादायक वाड्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग या वाड्यांचा वारसा कसा जपावा याविषयीची पत्रेही येतात. ही चर्चा आवश्यकच आहे. सरकारवाड्याचे कोरीव खांब, सराफ बाजार आणि तिवंधा परिसरातील वाडे, पंचवटीतील देवळांभोवतीची जुनी घरे यांच्याविषयी कळकळीने बोलणारी माणसे या शहरात आहेत, याचे मला समाधान वाटते. परंतु या चर्चेत घरांचा एक संपूर्ण वर्ग कधीच येत नाही. गावठाणाची वेस ओलांडून मोकळ्या माळावर किंवा मळ्याच्या कडेला जी पहिली घरे उभी राहिली, ज्यांना जुने नाशिककर आजही 'बंगली' म्हणतात, ती लाकडी घरे या शहराच्या वारशाचा भाग आहेत असे कुणी मानलेलेच नाही. शरणपूर रस्ता, त्र्यंबक रस्ता, जुना आग्रा रस्ता, नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प या भागांत अशी घरे अजून तुरळक दिसतात, आणि सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांची आणि बांधकामांची कामे जोरात चालू असताना त्यांपैकी किती टिकतील याची मला काळजी वाटते. सार्वजनिक बांधकामाच्या क्षेत्रात स्थापत्य अभियंता म्हणून आयुष्य काढल्यामुळे या घरांकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो, आणि म्हणूनच हे पत्र काहीसे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम हे घर कसे असते ते सांगायला हवे, कारण रस्त्यावरून पाहिले तर झाडांच्या आड एक जुने कौलारू छप्पर एवढेच दिसते. काळ्या घडीव दगडाचे कमरेइतके उंच जोते. त्यावर दगडी तळखड्यांवर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर, उभे केलेले सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचे छत. खांबांच्या मधल्या जागेत चुन्यात बांधलेल्या विटांची भरती असते, पण ती केवळ आडोसा म्हणून. छपराचा सगळा भार लाकडी सांगाड्यावरच असतो. पुढच्या बाजूला घराच्या पूर्ण रुंदीची पडवी, तिला लाकडी कठडा आणि उन्हाच्या बाजूला झिलमिलीच्या, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या, झडपा. वर लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वासे, रिपा आणि त्यांवर मंगलोरी कौले. वळचण चांगली दोन-अडीच फूट पुढे आलेली असते, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडते. आत गेल्यावर मात्र गावठाणातल्या घराची ओळख पटते. माजघर आहे, देवघर आहे, स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे, आणि मागच्या दारी तुळशीवृंदावन आहे. नाही तो फक्त चौक. वाड्यात चौकातून जो उजेड आणि वारा येत असे, तो इथे चारही बाजूंच्या आवारातून येतो.

हा बदल वरवर दिसतो तेवढा लहान नाही. गावठाणातला वाडा शेजारच्या वाड्याला भिंत लावून उभा असतो, रस्त्याकडे पाठ फिरवतो आणि आपल्या चौकाकडे तोंड करतो. बंगली मात्र रस्त्याकडे तोंड करून, पण त्याच्यापासून अंतर राखून उभी राहते. अनेक पिढ्या दाट वस्तीत, एकमेकांच्या आधाराने राहिलेल्या कुटुंबांनी मोकळ्या जागेत एकटे घर बांधण्याचे ठरवले, तेव्हा त्यांना कोणत्या गोष्टी सोडाव्याशा वाटल्या आणि कोणत्या सोडवल्या नाहीत, हे या घरांच्या रचनेत स्पष्ट वाचता येते. पुढच्या पडवीत वकिलाकडे येणारे पक्षकार किंवा निवृत्त मामलेदाराकडे येणारे गावकरी बसत. मागच्या पडवीत बायकांची निवडणे-टिपणे, वाळवणे आणि पाटावरवंट्याची कामे चालत. दोन्ही पडव्यांना जोडणारी वाट बहुधा माजघराच्या बाजूने काढलेली असे, म्हणजे पाहुण्यांची ये-जा घरातल्या माणसांच्या मधून होत नसे. त्या काळच्या घरगुती जीवनाचा इतका थेट पुरावा आपल्याला कागदपत्रांत सापडणार नाही.

नाशिक गावठाणाबाहेर कसे पडले, याचा इतिहास पाहिला तर या घरांचे महत्त्व अधिक कळते. शहराबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या नियोजित वस्त्यांपैकी एक म्हणजे १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेले शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आश्रय, शिक्षण आणि हातकामाचे धडे मिळत. पुढे १८७३ मध्ये आफ्रिकेत ब्रिटिश मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते, आणि त्यांपैकी जेकब वेनराइट हा शवपेटीबरोबर थेट इंग्लंडपर्यंत गेला. जगाच्या इतिहासाशी असा धागा जोडलेल्या या वस्तीच्या नावाने आज आपण एक गजबजलेला रस्ता ओळखतो, पण त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? मी हे विषयांतर मुद्दाम केले. वस्ती कशी होती हे सांगणारी बांधकामे नाहीशी झाली की मागे केवळ नाव उरते, आणि नावावरून इतिहास कळत नाही.

शरणपूरनंतरची वाढ रेल्वेमुळे झाली. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईशी नाशिकचा संबंध बदलला. स्थानक गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर असल्यामुळे तेवढे अंतर कापण्यासाठी १८८९ साली ट्राम सुरू झाली. सुरुवातीला घोड्यांनी ओढली जाणारी ही ट्राम १९३० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत धावत होती. दरम्यान, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेगच्या साथी आल्या. साथीत गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहण्याचा अनुभव महाराष्ट्रातील कित्येक गावांनी घेतला, आणि दाट वस्ती म्हणजे रोग, मोकळी हवा म्हणजे आरोग्य ही समजूत लोकांच्या मनात पक्की झाली. ज्यांना परवडले त्यांनी साथ ओसरल्यावरही बाहेर राहण्याचा विचार केला. देवळालीची हवा चांगली म्हणून मुंबईच्या पारशी, गुजराती आणि बोहरी कुटुंबांनी तिथे आरोग्यधामे आणि बंगले उभारले. १९२० च्या दशकात नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि पाठोपाठ १९२८ साली नोटांचा छापखाना आला, आणि नोकरदारांची एक नवी वस्ती तिथे तयार झाली.

या साऱ्या काळात घर बांधायचे तर लाकडातच, असा प्रघात होता. पोर्टलँड सिमेंट भारतात १९१४ च्या सुमारास तयार होऊ लागले, तरी सामान्य घराच्या छतापर्यंत सिमेंट-काँक्रीट पोहोचायला आणखी दोन-तीन दशके लागली. म्हणजे रेल्वे आल्यापासून काँक्रीट रुळेपर्यंतच्या जेमतेम सत्तर-ऐंशी वर्षांत नाशिकची ही पहिली उपनगरी घरे बांधली गेली. त्याआधी गावाबाहेर अशी घरे बांधण्याचे कारण नव्हते आणि त्यानंतर ती लाकडात बांधण्याचे कारण उरले नाही. जितकी होती तितकीच. त्यांत आता एकाचीही भर पडणार नाही.

या घरांचे आणखी एक मोल आहे, जे अभियंत्याच्या किंवा सुताराच्याच लक्षात येते. त्यांच्या सामग्रीतच त्यांचा काळ नोंदलेला असतो. मंगलोरी कौल उलटे करून पाहिले तर त्यावर कारखान्याचे नाव उमटलेले असते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला, त्यानंतर किनाऱ्यावर अनेक कारखाने निघाले, आणि बोटीने व रेल्वेने ही कौले देशावर आली. एखाद्या छपरावर दोन-तीन कारखान्यांची कौले सापडली, तर दुरुस्ती केव्हा आणि कितीदा झाली याचा माग काढता येतो. तुळईच्या न रंधलेल्या वरच्या अंगावर करवतीच्या खुणा राहतात. दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीच्या खुणा तिरप्या आणि असमान असतात, तर यंत्रावरच्या गोल पात्याच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतात. खिळा लोहाराच्या हातचा आहे की कारखान्यातला तारेचा, हे पाहिले तरी अंदाज बांधता येतो. फरशी शहाबादी आहे की नक्षीची सिमेंटची, यावरूनही काही कळते. सिमेंटची नक्षीदार स्वदेशी फरशी तयार करणारा मुंबईतील प्रसिद्ध कारखाना १९२२ साली निघाला. लाकूड डांग-पेठच्या जंगलातले आहे की रंगूनहून मुंबई बंदरात उतरलेले, हे जाणकार सुतार धाग्यावरून आणि तुळईच्या लांबीवरून सांगतात. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि त्या सागाची आवक थांबली, तेव्हा रंगून सागाची लांबलचक तुळई असलेले घर बहुधा त्याआधीचे असते. ही सगळी माहिती घर उभे असेपर्यंतच मिळते. लाकूड एकदा गाडीत भरून जुन्या लाकडाच्या वखारीत गेले की ती तुळई कुठल्या घराची, कुठल्या खोलीवरची, हे कुणालाही सांगता येत नाही.

आता धोकादायक या शब्दाविषयी लिहितो, कारण माझ्या मते या घरांचा सर्वांत मोठा घात त्याच शिक्क्याने होतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार पडण्याच्या बेतात असलेल्या इमारतीविषयी नोटीस देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि तो असलाच पाहिजे. दर पावसाळ्यात भिंती पडून माणसे दगावतात, तिथे वारशाच्या नावाखाली कुणाचा जीव धोक्यात घालावा असे मी कदापि म्हणणार नाही. माझा आक्षेप तपासणीच्या पद्धतीवर आहे. संरचनात्मक परीक्षणाची आपली सगळी घडी काँक्रीटसाठी बसवलेली आहे. काँक्रीटच्या पृष्ठभागावर हातोडी आपटून तिच्या उसळीवरून ताकद मोजण्याची चाचणी लाकडाला लागू पडत नाही. लाकडी घर तपासायचे तर प्रत्येक खांबाचा बुंधा, तुळईचे भिंतीत गेलेले टोक आणि कैचीचा पाय हे तीन भाग उघडून पाहावे लागतात. तिथे अणकुचीदार टोच्या खुपसून लाकूड किती आत मऊ झाले आहे ते पाहावे लागते, ठोकून आवाज ऐकावा लागतो आणि ओलाव्याचे प्रमाण मोजावे लागते. लाकडातील ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेले आणि वाळवीला नकोशी असणारी द्रव्ये असतात, त्यामुळे कोरडा राहिलेला गाभा शंभर वर्षांनीही बहुधा ठणठणीत निघतो. खराब झालेले असतात ते बहुतेक वेळा खांबाचे खालचे वीतभर आणि तुळईचे टोक.

असा बुंधा बदलता येतो. तात्पुरता टेकू देऊन छपराचा भार उचलायचा, कुजलेला भाग कापून काढायचा आणि त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरपा सांधा करून बसवायचा, हे काम आपले सुतार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. या घरांतले जोड एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे टोक बसवून, आरपार लाकडी खुंटी ठोकून केलेले असतात. खुंटी काढली की जोड सुटतो, भाग बदलता येतो आणि पुन्हा जोडता येतो. काँक्रीटच्या आतली सळई गंजून फुगली तर एवढ्या सहज दुरुस्ती होत नाही. तेव्हा तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला निघालेल्या या शहरात नव्वद-शंभर वर्षांच्या दुरुस्तीयोग्य घराला मोडकळीस आलेले ठरवताना थोडा विचार व्हावा, ही अपेक्षा गैर नाही.

ही घरे बिघडतात कशाने, हेही स्पष्ट सांगायला हवे, कारण त्यांचे वय हे त्याचे मुख्य कारण नाही. रस्त्यावर डांबराचे आणि काँक्रीटचे थरावर थर चढत गेले आणि मूळचे कमरेइतके जोते गुडघ्यापर्यंत, कुठे कुठे घोट्यापर्यंत आले. पावसाचे पाणी बाहेर जाण्याऐवजी आवारात साचू लागले. जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधत वर चढते. उघड्या दगडी जोत्यावर त्या नळ्या दिसत आणि लगेच खरवडता येत, आता त्या गिलाव्याच्या आड लपतात. चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते. आधार म्हणून खांबाच्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतले की पाणी तिथेच अडकते आणि खांब आधीपेक्षा लवकर कुजतो. कौले काढून पत्रे घातले की वळचण आखूड होते. उंदरांनी कुरतडलेल्या, जुनाट वीजतारा तर आगीला आमंत्रणच असतात. यातली बहुतेक कारणे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली आहेत आणि ती दूर करता येण्याजोगी आहेत. मला माहीत असलेल्या एका बंगलीत पन्हळी साफ करून, आवाराच्या कडेने चर खणून आणि खांबांभोवतीचे काँक्रीट फोडून काढल्यावर पुढच्या पावसाळ्यानंतर भिंतींची ओल डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली होती. त्या कामाला लागलेला खर्च एका चांगल्या मोटारसायकलच्या किमतीएवढा होता.

या घरांविषयी बोलले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. इथे कोण मोठा माणूस राहिला होता, हा पहिला; आणि यात कोरीव काम कुठे आहे, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांमागची वारशाची कल्पना मला अपुरी वाटते. नाशिकमध्ये थोर माणसांच्या वास्तू आहेत आणि त्या जपल्याच पाहिजेत. पण शहर केवळ थोर माणसांनी वाढवलेले नसते. कारकून, वकील, शिक्षक, डॉक्टर, छापखान्यातले कामगार, मक्तेदार अशा लोकांनी गावाबाहेर घरे बांधली म्हणून शहराची हद्द सरकली, आणि ती कशी सरकली याचा पुरावा त्यांची घरेच देतात. कोरीव कामाचे म्हणाल, तर या बंगल्यांचे सौंदर्य त्यांच्या प्रमाणात, सावलीत आणि सुतारकामाच्या नेमकेपणात आहे. गावठाणातल्या वाड्याचा सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेला, खांब पाहून कुणीही थबकतो. बंगलीचा साधा चौकोनी, कडा तासलेला खांब पाहून थबकायला थोडा अभ्यास लागतो एवढेच. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तूंच्या तीन श्रेणी मानल्या आहेत आणि तिसरी श्रेणी नेमकी अशाच वास्तूंसाठी आहे, ज्या एकेकट्या असामान्य नसल्या तरी परिसराचे रूप आणि स्वभाव ठरवतात.

मालकांची बाजू मला पूर्ण मान्य आहे, आणि ती सोडून लिहिलेले कोणतेही पत्र अर्धवट ठरेल. अर्ध्या एकरातली एक मजली बंगली आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या सात-आठ मजली इमारती, असे दृश्य असताना मालकाने केवळ शहराच्या आठवणींसाठी करोडोंची जमीन अडकवून ठेवावी, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. वारसांची संख्या वाढलेली असते, काहीजण पुण्याला किंवा परदेशात असतात, कुठे जुन्या भाडेकरूंचा नाममात्र भाड्याचा प्रश्न असतो, आणि दुरुस्तीचा भार मात्र घरात राहणाऱ्या एखाद्या वृद्ध जोडप्यावर पडतो. वारसा यादीत नाव गेले की आपली मालमत्ता अडकली, अशी भीती लोकांना वाटते, आणि प्रत्यक्षात मिळणारी मदत पाहता ती निराधार आहे असे मला म्हणता येत नाही. यादी करायची आणि मोबदल्याचे नाव काढायचे नाही, असे झाले तर मालक यादी होण्याआधीच घर पाडतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

दुसरीकडे यावर काही मार्ग निघाले आहेत. अहमदाबादला २०१७ साली जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला, तो काही एखाद्या राजवाड्यामुळे नव्हे. तिथल्या पोळांमधील, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांमधील, सामान्य लोकांच्या लाकडी घरांना त्यात मोठे स्थान होते. दोन हजारांहून अधिक घरांची श्रेणीनुसार यादी झाली आणि घर राखणाऱ्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क हस्तांतरित करून विकण्याची सोय देण्यात आली. त्या शहरातही अडचणी आहेत, पण मालकाला काहीतरी हातात पडते हे महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन हे तर लाकडी उपनगरी घरांचेच शहर. तिथे एकेका घराचे मोठेपण सिद्ध करत बसण्याऐवजी नगरपालिकेने ठराविक जुन्या वस्त्या आखल्या आणि त्यांतले १९४६ किंवा त्यापूर्वीचे घर परवानगीशिवाय पाडता येणार नाही असा नियम केला. मात्र मागच्या बाजूला खोल्या वाढवायला, घर उचलून खाली जागा काढायला वाव ठेवला. मला यातली दृष्टी महत्त्वाची वाटते. घराचा रस्त्याकडचा भाग, छप्पर आणि सांगाडा राहावा, आणि कुटुंबाच्या नव्या गरजांसाठी मागे जागा मिळावी. आपल्या जवळ, मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीत नेमके याच्या उलट घडले. लाकडी सज्जांची घरे एकामागून एक गेली आणि वाडीची ओळख उरलेल्या थोड्या घरांवर टेकली आहे.

नाशिक महापालिकेकडे माझी पहिली मागणी अगदी माफक आहे. घर पाडण्याची किंवा नवीन बांधकामाची परवानगी देण्याआधी, ते घर १९५० पूर्वीचे आणि लाकडी सांगाड्याचे असेल तर त्याचे मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे घेऊन ती पालिकेच्या दप्तरी जमा करावीत. यासाठी मालकाला एक रुपयाचाही खर्च पडू नये आणि परवानगीला महिन्याहून अधिक विलंब होऊ नये. नाशिकमध्ये वास्तुकलेची महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना मोजणीची कामे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करावीच लागतात. दरवर्षी दुसऱ्या गावी जाऊन देवळे मोजण्याऐवजी दोन-तीन वर्षे आपल्याच शहरातली घरे मोजली, तर गावठाणाबाहेरच्या जवळजवळ सर्व उरलेल्या बंगल्यांची नोंद पूर्ण होईल. घर राहो वा जावो, त्याचा नकाशा तरी राहील. देवळालीची छावणी परिषदेच्या हद्दीतली घरे या कामातून सुटू नयेत, यासाठी दोन्ही संस्थांनी आधीच एकमेकांशी बोलावे.

दुसरे, लाकडी इमारतीला धोकादायक ठरवण्यापूर्वी तिची तपासणी लाकडाचे काम जाणणाऱ्या अभियंत्याने, अनुभवी सुताराला बरोबर घेऊन करावी आणि अहवालात कोणता खांब, कोणती तुळई, किती कुजली आहे हे नकाशावर दाखवावे. केवळ 'इमारत जीर्ण आहे' एवढा शेरा पुरेसा मानू नये. ज्या घरात माणसे राहतात तिथे टेकू देण्याचे काम तातडीने व्हावे, मग अहवालाची वाट पाहिली तरी चालेल. आणि तिसरे, बांधकामाच्या हक्काचे हस्तांतरण आणि वापरातील बदल या दोन सवलती मालकाला सहज मिळाव्यात. अशा घरात दवाखाना, वाचनालय, वास्तुविशारदाचे कार्यालय, लहान खाणावळ किंवा पाहुण्यांसाठीच्या खोल्या उत्तम चालू शकतात. सिंहस्थात येणाऱ्या लाखो लोकांच्या निवासाची व्यवस्था करताना या घरांचा विचार का होऊ नये? मालकाला दुरुस्तीसाठी लागणारे भांडवल त्याच घरातून उभे राहू शकेल.

लाकडाविषयी आणखी थोडे. जे घर पाडावेच लागेल, त्याचा सांगाडा खुंट्या काढून नीट उतरवावा, यंत्राने ढकलून देऊ नये. तसे केले तर दुरुस्तीयोग्य घरांसाठी त्याच काळाचे, त्याच जातीचे, पूर्ण वाळलेले लाकूड उपलब्ध होईल. आज हे लाकूड वखारींतून रिसॉर्टच्या सजावटीला जाते आणि इथल्या बंगलीचा बुंधा बदलायचा तर तसा साग मिळत नाही. पालिकेने एखाद्या मोकळ्या शेडमध्ये अशा लाकडाची साठवण करून ते दुरुस्तीसाठी माफक दरात दिले, तर खर्चही फार येणार नाही. त्याच जागेत जुन्या पद्धतीचे जोड करणाऱ्या सुतारांच्या हाताखाली तरुणांना शिकवता येईल. हे काम येणारे बहुतेक कारागीर आता साठीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्या मुलांनी प्लायवूडचे आणि मॉड्युलर किचनचे काम धरले आहे. त्यात पैसा आहे, त्यांचे चुकले असे नाही. पण शिकणाऱ्याला मजुरी मिळाली तर काही मुले नक्की येतील.

शरणपूर आणि त्र्यंबक रस्त्यांच्या दरम्यान अशी एक बंगली आजही उभी आहे, जिच्या पडवीचे आठही खांब मूळ जागी आहेत आणि जिच्या छपराला अजून पत्रा लागलेला नाही. तिथे राहणाऱ्या कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध तिचा पत्ता जाहीर करणे योग्य नाही, पण पालिकेच्या नगररचना विभागाने किंवा एखाद्या महाविद्यालयाने मोजणीची तयारी दाखवली तर त्या कुटुंबाची संमती मिळवून देण्याची आणि मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहण्याची जबाबदारी मी घेतो. जोत्याभोवतीची माती ओली होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरपर्यंत हे काम व्हावे. खांबांचे बुंधे उघडून पाहायचे असतील तर ते कोरड्यातच पाहिले पाहिजेत. आपल्या दैनिकाने हा विषय हाती घेऊन वाचकांना त्यांच्या माहितीतल्या अशा घरांची छायाचित्रे, मालकांच्या परवानगीने, पाठवण्याचे आवाहन केले, तर यादीची सुरुवात कोणत्याही शासकीय आदेशाची वाट न पाहता होऊ शकेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, नाशिक